कडेपठारलाही पेपरात जागा द्या की

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सोमवती अमावस्या आली की सगळ्याच पेपरात जेजुरीचा तो पिवळाधम्मक फोटो येतो, बघून बरं वाटतं, पण खाली मजकूर काय तर भंडाऱ्याची उधळण आणि भाविकांची गर्दी, बास. खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर का जाते (देवाला आंघोळ घालायला हो!) एवढं तरी लिहा ना.

आणि मुख्य म्हणजे कडेपठार. खंडोबाचं जुनं मूळ ठाणं ते, गडाच्या मागच्या उंच डोंगरावर. जुनी माणसं सांगतात, म्हाताऱ्या भक्ताला एवढा डोंगर चढवेना म्हणून देव स्वतः खाली आला, तोच आत्ताचा गडकोट. पुढे १८व्या शतकात होळकरांनी गडाला कोट, ओवऱ्या, दीपमाळा असं वैभव आणलं आणि गर्दी तिथंच थांबायला लागली. आता बरेच जण रील काढून, अर्ध्या वाटेवरच्या बाणाईकडे (खंडोबाची दुसरी बायको) न बघताच खाली उतरतात, याचं फार वाईट वाटतं.

दसऱ्याला गडावरची पालखी निघते, कडेपठारची पण निघते, आणि रात्री दोन डोंगरांमधल्या रमणा नावाच्या जागी दोन्ही देवांची भेट होते. दुसऱ्या दिवशी ४२ किलोचा खंडा (देवाची तलवार) उचलायची स्पर्धा, तिचे फोटो मात्र हमखास छापून येतात, आदल्या रात्रीच्या देवभेटीचं कुणी नावही घेत नाही.

घरच्या परंपरेचंही तसंच. मार्गशीर्षात पाडव्याला घट बसतात, चंपाषष्ठीला उठतात, वांग्याचं भरीत, रोडगा, कांद्याची पात यांचा नैवेद्य. चातुर्मासात सोडलेले कांदा-वांगं बऱ्याच घरात त्याच दिवशी परत ताटात येतात. मग तळी भरायची, ताम्हनात पान, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा, खाली कुणाची तरी टोपी नाहीतर रुमाल, आणि पाच जणांनी मिळून "सदानंदाचा येळकोट" म्हणत ताम्हन वर उचलायचं, लगेच खोबरं फोडून सगळ्यांना वाटायचं. शहरातल्या पोरांना हे कोण सांगणार, आजी-आजोबा तर गावाकडे.

तेव्हा येत्या चंपाषष्ठीला एक पान कडेपठारसाठी काढा. वाघ्या-मुरळीशी बोला, पुजारी मंडळींशी बोला, वर जायची वाट कशी आहे ते लिहा, आणि फोटो वरच्या देवळाचा छापा.

आपला,
एक नियमित वाचक