घर घरमालकाचं, वस्ती आपली

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा एक सांगतात, आई मागून दुसरंच, मुलं मधेच फोन ओढतात आणि मी "बघू" म्हणून ठेवून देते. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतेय. घर बदलायचं हे नक्की आहे. कुठल्या भागात, तेही जवळजवळ ठरलंय, आणि तो भाग तुम्हाला पहिल्या नजरेत आवडणार नाही याची मला खात्री आहे. इमारती जुन्या आहेत, रंग उडालेले आहेत, आणि त्या भागाचं नाव सांगितलं की कुणी "अरे वा" म्हणत नाही.

बाबा, तुम्ही सुचवलेला शहराच्या कडेचा नवा भाग आम्ही मनापासून पाहिला. त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते, हवा मोकळी आहे, रेल्वे स्टेशन होणार आहे आणि "तो भाग वर येतोय". यातलं एकही खोटं नाही. फक्त हे सगळे निकष घर विकत घेणाऱ्याचे आहेत. भाग वर आला की मालकाच्या घराची किंमत वाढते. भाडेकरूच्या वाट्याला त्याच कारणाने भाडेवाढ येते. स्टेशन होईपर्यंतची खोदाई, धूळ आणि वळसे आम्ही सोसायचे, आणि पहिली गाडी सुटायच्या सुमाराला मालकाने म्हणायचं, आता भाव बदललेत. घर घेणार असतो तर मी तुमचंच ऐकलं असतं.

आणि मुळात तिथे भाडं कमी का आहे? मालक दयाळू आहेत म्हणून नाही. १८२६ मध्ये फोन थ्युनेन नावाच्या एका जर्मन जमीनदाराने मांडलं होतं की बाजारापासून शेत जितकं दूर तितका माल नेण्याचा खर्च जास्त, म्हणून तितका त्या जमिनीचा खंड कमी. १९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलोन्सो यांनी तोच विचार शहरातल्या घरांना लावला. म्हणजे लांबच्या घराचं भाडं जेवढं कमी दिसतं, त्यातला बराच भाग प्रवासाच्या रूपाने आपल्याकडून आधीच वसूल होणार असतो. मालकाला दिला नाही तर बसला, पेट्रोलला आणि झोपेला द्यायचा. तुम्ही हसाल, भाड्याचं घर शोधताना कुणी एवढं वाचतं का. पण रात्री मुलं झोपल्यावर जाहिराती चाळून चाळून डोळे दुखले की असलं काहीतरी वाचावंसं वाटतं.

"पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत भाडं" हा तुमचा नियमही मी तपासला. अमेरिकेत सरकारी घरांतल्या गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाचा किती हिस्सा घ्यावा, यावर १९६९ मध्ये २५ टक्क्यांची मर्यादा आली. १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेली. तिथून हा आकडा जगभर पसरला. नियम वाईट नाही, पण त्यात प्रवास कुठेच नाही. शिकागोमधली 'सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी' ही संस्था म्हणूनच घर आणि प्रवास एकत्र धरते आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत असावेत असं सुचवते. आम्ही तसाच तक्ता केला. भाडं, दोघांचा कामावरचा प्रवास, मुलांची ने-आण, आणि अंतरामुळे जे विकत घ्यावं लागेल ते सगळं: पाळणाघराचा वाढीव तास, दुसरी गाडी, घरी पोचून स्वयंपाकाचं त्राण उरलं नाही की बाहेरून मागवलेलं जेवण. बाबा, त्या तक्त्यात तुमचं स्वस्त घर महाग निघालं. तुमच्या जावयाने दोनदा बेरीज तपासली, कारण त्यालाही ती जास्तीची खोली हवी होती.

वेळेचं तर मी त्यात धरलंच नाही. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती घेऊन २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा कामावरचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल एकूण कमी समाधानी असतात. कागदोपत्री असं व्हायला नको. लांब जाणाऱ्याला स्वस्त किंवा मोठं घर मिळून भरपाई व्हायला हवी. ती होत नाही. मोठ्या खोलीची सवय होते, रोजच्या गर्दीची होत नाही, असा मी माझ्यापुरता अर्थ लावलाय.

आता खरा मुद्दा. आम्ही घर निवडतच नाही आहोत. भाड्याचं घर आज आहे, उद्या मालकाचा मुलगा परत आला की नाही. आपण ते कितीही सजवलं तरी मुदत संपली की निरोप येऊ शकतो. मग ज्यावर आपला थोडाफार ताबा आहे ते काय? वस्ती. म्हणून आम्ही असा भाग शोधत होतो जिथे घर सोडावं लागलं तर पलीकडच्या गल्लीत दुसरं मिळेल, आणि थोरलीची शाळा, धाकट्याची बालवाडी, डॉक्टर, मैत्रिणी, काही बदलणार नाही.

यासाठी भागातली भाड्याची घरं पुष्कळ हवीत आणि ती एकसारखी नकोत. कडेच्या नव्या भागात इमारती एकाच वेळी उभ्या राहिल्यात, घरं एकाच मापाची आहेत आणि भाडंही सगळीकडे एकदमच वाढतं. त्या जुन्या भागात मात्र लिफ्टवाली आणि बिनलिफ्टची, एका खोलीची आणि तीन खोल्यांची, नुकती रंगवलेली आणि कळकट, सगळी एका रस्त्यावर आहेत. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर लहान घरात जाता येईल. धाकट्याला वेगळी खोली लागेल तेव्हा मोठं बघता येईल. दोन्ही वेळा सामान हातगाडीवरून नेता येईल इतक्या जवळ. आम्ही तिथल्या भाडेकरूंना एकच प्रश्न विचारत फिरलो: इथे किती वर्षं आहात, आणि याआधी कुठे होतात? बऱ्याच जणांचं उत्तर होतं, याच भागात, दुसऱ्या इमारतीत. एजंटच्या तोंडून भागाचं जे काही कौतुक ऐकलं, त्या सगळ्यापेक्षा हे उत्तर मला जास्त पटलं.

आई, मुलांचं तू विचारलंस म्हणून हे खास तुझ्यासाठी. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. अतिशय गरीब सरकारी वसाहतींतली काही कुटुंबं सोडत काढून निवडली आणि त्यांना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहायला मदत दिली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांची मिळकत तपासली. तेरा वर्षांची होण्याआधी जी मुलं तिकडे गेली, त्यांची विशीतली कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. त्याहून मोठी असताना गेलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच. आपली परिस्थिती त्यांच्यासारखी नाही, आणि "श्रीमंत भागात जा" असा अर्थ मी त्यातून काढत नाही. मी एवढंच घेतलं की परिसर मुलांवर वर्षानुवर्षं, थोडाथोडा काम करतो, आणि वाढत्या वयात मुळं उपटली तर त्याची किंमत मोजावी लागते. थोरली नऊ वर्षांची आहे. आता हलायचं तर यानंतर तिची शाळा संपेपर्यंत तिला हलवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. लांबच्या घराला नाही म्हणायचं सगळ्यात मोठं कारण हेच. तिथलं आजचं भाडं आम्हाला झेपतं. तीन वर्षांनी झेपेल का, ते सांगता येत नाही. जुन्या भागातलं घर आम्ही मुद्दाम झेपतं त्याहून थोडं खालचं घेतोय. भाडेवाढीला जागा हवी.

तुझा दुसरा प्रश्न, "तिथली माणसं कशी आहेत?" माणसं सगळीकडे सारखीच असतात गं, रस्ते वेगळे असतात. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकमेकांसारख्या तीन रस्त्यांची पाहणी केली होती. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जायची, एकावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. म्हणून मोठ्या रस्त्याला लागून असलेली दोन घरं आम्ही आतूनही पाहिली नाहीत, जरी त्यातल्या एकाचं भाडं मोहात पाडणारं होतं. आणि शाळेच्या वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हे जाहिरातीत कुणीच लिहीत नाही. नकाशावर अंतर दिसतं. चार पदरी रस्त्यावर दुभाजकापाशी दप्तर घेऊन उभी राहिलेली पोर दिसत नाही. क्लॅरेन्स पेरी नावाच्या नियोजनकाराने १९२९ मध्येच म्हटलं होतं की शाळा वस्तीच्या मधोमध असावी आणि मोठे रस्ते कडेने जावेत. आमच्या निवडलेल्या भागात ते योगायोगाने तसं आहे. थोरली वर्षा-दोन वर्षांत एकटी जाऊ शकेल. तेवढी माझी सकाळ सुटेल, हा स्वार्थही त्यात आहेच.

भाग पाहायला आम्ही वेगवेगळ्या वेळी गेलो. शाळा सुटताना, रात्री दहाला, सुट्टीच्या दुपारी, आणि एकदा मुद्दाम मोठ्या पावसानंतर. पाऊस ओसरल्यावर कुठल्या गल्लीत पाणी साचलंय ते दिसतं, तळमजल्याच्या भिंतींवर ओल कुठपर्यंत चढते तेही. एका घरात खालची दोन फूट भिंत नुकतीच रंगवलेली होती आणि वरची जुनीच. तिथून आम्ही चहा न घेता निघालो. रात्री गेलो तेव्हा रस्त्यावर बायका होत्या, म्हातारी माणसं होती, दुकानांचे दिवे चालू होते. सुरक्षिततेचं मला एवढं पुरतं. फाटकावरच्या कॅमेऱ्यांचं मला कधीच अप्रूप वाटलं नाही.

आता तुमच्या दोघांच्या येण्याबद्दल, कारण तुम्ही तो विषय टाळता. तुम्ही "अधूनमधून येऊ" म्हणता, पण आम्ही घर तुम्ही महिनोन्‌महिने राहाल असं धरूनच बघतोय. म्हणून चालत "पाच मिनिटं" या शब्दावर माझा विश्वास उरला नाही. ती पाच मिनिटं एजंटची असतात. रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा वेळ अनेक ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून ठरवतात, आणि इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पासष्टीपुढची बहुसंख्य माणसं त्याहून हळू चालताना आढळली. आईच्या गुडघ्यांच्या हिशेबाने मी दवाखाना, औषधांचं दुकान आणि बाग हे अंतर हळूहळू चालून पाहिलं. वाटेत टेकायला जागा आहे. फुटपाथ एका ठिकाणी उखडलाय, तिथे मात्र जपावं लागेल.

घराच्या आतलं फार लिहीत नाही. स्वयंपाकघर अरुंद आहे, बाल्कनी नावापुरती आहे, आणि तुमचं ते मोठं कपाट कुठल्याही परिस्थितीत मावणार नाही. बाबा, ते विकायचं की काकांकडे ठेवायचं हे तुम्हीच ठरवा, माझ्यावर टाकू नका.

दोन घरं शेवटपर्यंत उरलीत, दोन्ही त्याच भागात. एक तळमजल्यावर: पायऱ्या नाहीत, पण दिवसाही दिवा लावावा लागतो. दुसरं पहिल्या मजल्यावर: उजेड भरपूर, पश्चिमेचं ऊन दुपारभर आत, आणि चढायला एक जिना, कठडा धड आहे. आम्हा दोघांना दुसरं आवडलंय. पण आई, जिना तुला चढायचाय, तेव्हा हे तू सांग, आणि "तुम्हाला काय बरं वाटेल ते" असलं उत्तर चालणार नाही.

बाबा, भाडेकराराचा मसुदा सोबत पाठवतेय. तुमच्या बारीक नजरेने वाचा. दरवर्षीची भाडेवाढ किती ते आकड्यात लिहून घेतलंय, "परस्पर संमतीने" हा शब्द खोडायला लावला. घर सोडायला सांगायची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, डिपॉझिटमधून काय काय कापता येईल, आणि गळती निघाली तर दुरुस्ती कुणाची, ही तीन कलमं खास बघा. तिसऱ्याची भाषा मला गुळमुळीत वाटते. मालक बोलायला चांगले आहेत, पण लिहिलेलं असलेलं बरं.

रविवारी संध्याकाळपर्यंत दोघांची उत्तरं हवीत. एजंट सोमवारी टोकन मागतोय, आणि पहिल्या मजल्यावरचं घर आणखी एक कुटुंब बघून गेलंय.

तुमची,
लेक