गोगलगायी वेचणीसाठी माणसे, बारदाने आणि मीठ हवे : ग्रामस्थांना आवाहन

सर्व शेतकरी, युवक मंडळे, बचत गट आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या गावकऱ्यांना ग्रामपंचायत व शेतकरी गटातर्फे विनंती. पहिला दमदार पाऊस झाला की लागोपाठ चार दिवस संपूर्ण शिवारात शंखी गोगलगायी वेचायच्या आहेत.

2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात या गोगलगायींनी दोन पानांवरचे सोयाबीन रातोरात फस्त केले आणि अनेकांवर दुबार पेरणी आली. गोगलगाय उभयलिंगी असते. जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात, एका खेपेला शंभराहून जास्तही. साबुदाण्यासारखी ही अंडी भुसभुशीत ओल्या मातीत असतात आणि साधारण दोन आठवड्यांत फुटतात. म्हणून घाई.

वेचणी अर्धवट का चालत नाही, ते पाहा. समजा, 100 गोगलगायींपैकी 70 वेचल्या. उरलेल्या 30 जणींची, प्रत्येकी 100 धरून, 3,000 अंडी. शंभरातली पाचच पिल्ले जगली तरी 150! 95 वेचल्या, तर त्याच हिशेबाने पिल्ले 25. शिवाय गर्दी कमी झाल्याने उरलेल्यांना चारा आणि आडोसा भरपूर मिळतो. त्यामुळे पडीक रानमालकांनीही यावेच. उन्हाळाभर तोंडावर पापुद्रा धरून त्या बांध, उकिरडे, दगडांच्या ढिगाऱ्यांतच दडलेल्या असतात.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने बांधालगत अंथरावीत. पहाटे, ऊन चढण्याआधी, त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात, मग खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात. हातमोजे घालाच, उंदरांतून येणारा जंत त्यांच्या अंगात असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. मीठ शेतात पसरू नये, जमीन बिघडते. चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा बांधावर आखावा, पण तो भिजला की निकामी होतो. पावसानंतर पुन्हा आखावा लागतो. विषारी गोळ्या सरसकट टाकू नयेत. कुत्री, कोंबड्या त्या खातात, आणि गोगलगायी खाणारा आपला भारद्वाजही धोक्यात येतो.

हवे आहे ते असे : रिकामी बारदाने 400, जाडे मीठ 200 किलो, चुना 10 पोती, गूळ 40 किलो, रबरी हातमोजे 150 जोड, झाकणाच्या बादल्या 60. प्रत्येक घरातून किमान एक माणूस, चारही दिवस. बाहेरगावच्या मंडळींनी रोख मदत ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. जमाखर्च फलकावर लावला जाईल. सामान मृगाआधी पोहोचावे.