चौघे वेगळे झाले, त्यानंतर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

‘हॅपी एंड’ ह्या चौघांच्या जपानी रॉक बँडचं वेड तुला उशिरा का होईना लागलं, बरं झालं. तीनच अल्बम काढून हे लोक थांबले, म्हणून तू हळहळतोयस. मला विचारशील तर खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

रॉक इंग्रजीतच शोभतं असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून हे चौघे जपानीत गायले. १९७२ संपताना बँड मोडला, २१ सप्टेंबर १९७३ला टोकियोत निरोपाचा कार्यक्रम झाला.

बेस वाजवणारा हारुओमी होसोनो सगळ्यांत भटक्या डोक्याचा. (टायटॅनिकवरून वाचलेला एकमेव जपानी प्रवासी म्हणजे ह्याचे आजोबा!) त्यानं पहिला स्वतंत्र अल्बम टोकियोजवळच्या सायामातल्या राहत्या घरीच रेकॉर्ड केला. मग चित्रकार तादानोरी योकोओबरोबर भारतात आला, इथे आजारी पडला आणि परत जाऊन १९७८ला ‘कोचीन मून’ काढला. अस्तित्वातच नसलेल्या हिंदी सिनेमाचं संगीत, तेही सिंथेसायझरवर! त्यातल्या एका तुकड्याचं नाव चक्क ‘हिपॅटायटिस’. त्याच वर्षी त्यानं ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा बँड उभा केला. तो जगभर गाजला, ते तुला ठाऊकच आहे.

गिटारवाला शिगेरू सुझुकी लॉस एंजेलिसला जाऊन ‘बँड वॅगन’ हा अल्बम करून आला, तो १९७५ला निघाला. पुढे बराच काळ दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिला. ‘बँड वॅगन’मधल्या गाण्यांचे शब्द कोणाचे? ताकाशी मात्सुमोतोचे, म्हणजे बँडच्याच ड्रमरचे.

हा मात्सुमोतो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ड्रम बाजूला ठेवून तो गीतकार झाला, दोन हजारांच्या वर गाणी लिहिली. जुन्या बँडवाल्यांना बाजारू वाटाव्यात अशा गायिकांसाठीही त्यानं मनापासून लिहिलं. सेइको मात्सुदा तेव्हाची मोठी स्टार. तिच्या गाण्यांना चाली द्यायला त्यानं कधी बँडमधल्या चौथ्याला, एइची ओताकीला आणलं, कधी होसोनोला. म्हणजे बँड मोडला तरी ह्यांचं येणंजाणं चालूच होतं.

ओताकीचं तर ऐकच. स्वतःचं ‘नायगारा’ नावाचं रेकॉर्ड लेबल सुरू करून १९७०च्या दशकात त्यानं हौसेनं रेकॉर्ड काढल्या, पण खपल्या नाहीत. नव्या अल्बमचे शब्द मात्सुमोतोनं लिहायचे ठरले आणि १९८०मध्ये मात्सुमोतोची धाकटी बहीण गेली. त्याच्या हातून ओळ उतरेना. ‘दुसरा कोणी बघ’ असं त्यानं कळवलं. ओताकी म्हणाला, थांबतो, शब्द तुझेच हवेत. त्या जुलैत यायचा अल्बम २१ मार्च १९८१ला आला. तोच ‘अ लाँग व्हेकेशन’. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पहिलंच गाणं इतकं झगझगीत, की ऐकताना कोणी गेल्याची शंकाही येत नाही. पण त्यात रंग उडालेल्या आठवणींना पुन्हा रंग दे, अशी विनवणी आहे. मला तरी ते गाणं पूर्वीसारखं ऐकताच येत नाही.

१५ जून १९८५ला चौघे एका रात्रीपुरते टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर पुन्हा उभे राहिले. ओताकी २०१३च्या ३० डिसेंबरला गेला. २०१५मध्ये मात्सुमोतोच्या गीतलेखनाला ४५ वर्षं झाली, त्या कार्यक्रमात उरलेल्या तिघांनी एकत्र वाजवलं.

आता तू ‘बँड वॅगन’ आणि ‘अ लाँग व्हेकेशन’ लागोपाठ ऐक. ‘कोचीन मून’ मात्र रात्री एकट्यानं ऐकू नकोस, वहिनी वैतागतील. आणि फोन नको, पत्रच लिही.

तुझा,
अरुण