23 ऑगस्टला कानबाई, 24 ला बहिणाबाई जयंती: कार्यक्रमांच्या तारखांसाठी एक वही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्याने श्रावण लांबला. नागपंचमी सोमवारी, 17 ऑगस्टला आहे, त्यामुळे कानबाई ही आपली खानदेशातली देवी तिच्यानंतरच्या रविवारी, म्हणजे 23 ऑगस्टला बसेल. सोमवारी 24 तारखेला सकाळी कानबाई उठेल, आणि 24 ऑगस्टलाच बहिणाबाई चौधरींची जयंती आहे. गेल्या वर्षी कानबाई 3 ऑगस्टला होती, म्हणून हा प्रश्न आलाच नाही. यंदा मात्र रात्रभर जागरण करून पहाटे विसर्जनाला निघणाऱ्या बायांनाच त्याच दिवशी सकाळी दहाच्या ओवीगायनाला बोलावले, तर त्या येणार कशा? आपल्या भागात कार्यक्रम कमी नाहीत. ते एकमेकांवर येतात, आणि त्यांची बातमी लोकांपर्यंत वेळेत आणि पुरी पोचत नाही. त्यासाठी आपल्या वृत्तपत्राने काय करावे आणि संयोजकांनी काय करावे, हे सांगायला हे पत्र.

आधी कानबाईचेच बघू, कारण या सणाची घडी ज्याला माहीत नाही तो संयोजक हमखास चुकतो. रविवारी सायंकाळी स्थापना, रात्रभर गाणी आणि वह्या (डफावर गायच्या कथा), सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन नदीवर. घराघरांत रीत थोडी वेगळी असते, पण सव्वाच्या मापाने मोजलेले गहू, त्यांचे दळण, त्यातले सोवळे आणि रोट (त्या पिठाचा नैवेद्य) हे सगळीकडे आहे. हे रोट भाऊबंदांतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. पौर्णिमा शुक्रवारी, 28 तारखेला. तोवर घरातली बाई मोकळी नाही, आणि पौर्णिमेलाच राखी असल्याने पुढचा एखादा दिवस माहेरी जाण्या-येण्यात जातो. म्हणून आमचे मत असे की 24 तारखेला बहिणाबाईंच्या प्रतिमेला पुष्पहार आणि छोटे वाचन सायंकाळी सहानंतर ठेवावे. गायनाचा मोठा कार्यक्रम रविवारी, 30 ऑगस्टला दुपारी घ्यावा. तारखेचा मान राहील आणि गाणाऱ्या बायाही येतील.

वहीगायनाचा कार्यक्रम सभागृहात ठेवणाऱ्यांनी डफाचा विचार आधी करावा. डफाचे कातडे श्रावणातल्या दमट हवेत ओल धरते, सैल पडते, आणि आवाज बसून जातो. गावात वादक तो शेकोटीवर शेकून घेतात. सभागृहात आगटी पेटवू देत नाहीत, आणि मग पहिली वही सुरू झाली की डफ ‘भद’ वाजतो. मागच्या अंगणात पत्र्याच्या घमेल्यात निखारे, शेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस एवढी सोय केली, तर दर अर्ध्या तासाला डफ आळीपाळीने शेकता येतात. एका जोडीऐवजी दोन जोड्या मागवाव्यात, म्हणजे एक वाजत असताना दुसरी शेकली जाते. माइक डफाच्या तोंडासमोर लावू नये. हातभर बाजूला, थोडा खाली लावावा, नाहीतर गाणाऱ्याचा शब्द दबतो. वहीत कथा असते. शब्द गेला की श्रोत्याच्या हाती नुसता ठेका उरतो.

बहिणाबाईंच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत आणखी एक चूक वारंवार दिसते. त्यांची बोली ‘अहिराणी’ म्हणून छापली जाते. असोदे, जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा बोली वेगळी. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. निवेदकाने किंवा गायकाने तो पुन्हा ‘डोळा’ केला की यमक आणि चाल दोन्ही अडखळतात. तालमीला त्या पट्ट्यातली एखादी जाणती बाई बसवली, तर हे आपोआप सुधारते. त्यासाठी खर्चही लागत नाही.

आता डिसेंबरकडे येतो. तिथे अडचण याहून मोठी आहे. 3 डिसेंबर 2026 ला, गुरुवारी, बहिणाबाईंच्या निधनाला 75 वर्षे पूर्ण होतात. दत्तजयंती यंदा डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात येते, म्हणजे सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा त्याच सुमारास. 24 तारखेला साने गुरुजींची जयंती, आणि ती अमळनेरने साजरी करायचीच. 27 आणि 28 डिसेंबरला काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाला 90 वर्षे होतात. 31 डिसेंबरला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनाची शताब्दी आहे. ते 1926 साली धुळ्यात वारले आणि लगेच जानेवारी 1927 मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. 31 डिसेंबर हाच चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचाही स्मृतिदिन. धुळे, नंदुरबार, जळगाव मिळून एकच श्रोतावर्ग, तेच चार-सहा वक्ते, तेच ध्वनिक्षेपकवाले, आणि एका महिन्यात इतके सगळे!

सारंगखेड्याच्या आठवड्यात शहादा-दोंडाईचा रस्त्यावर भाड्याची गाडी मिळणे कठीण आणि मुक्कामाच्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. त्या आठवड्यात नंदुरबार किंवा धुळ्यात बाहेरगावचे कलाकार बोलावू नयेत. यात्रेला जाणाऱ्यांनी घोडे बघायचे तर सकाळी लवकर जावे. तेव्हा जनावर मोकळे चालवून, पाणी पाजून दाखवतात. दुपारनंतर गर्दीत नुसत्या पाठी दिसतात. अबलख, पंचकल्याणी, नुकरा हे घोड्यांच्या रंग-खुणांचे शब्द मुलांना तिथे उभे राहून समजावले, तर शाळेच्या सहलीचे सार्थक होईल.

फैजपूरच्या नव्वदीबद्दल आमची आग्रहाची विनंती आहे. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, नगराचे नाव टिळकनगर होते, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी इथल्याच बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली. म्हणून तो दिवस भाषणांवरच संपू नये. रावेर-यावलचे बांबू कारागीर, टोपल्या विणणारे, चित्रकलेचे शिक्षक एकत्र बसवून मुलांकडून एक लहानशी कमान उभी करून घ्यावी. बांबू तीन-चार आठवडे आधी तोडून सावलीत ठेवावा. ओला बांबू बांधला की वाळताना आकसतो, बांध सैल पडतात आणि कमान कलते. सुतळी भिजवून बांधावी, म्हणजे वाळताना ती आवळते. 27 तारखेला रविवार आहे, तेव्हा मुलेही मोकळी असतील.

राजवाड्यांच्या शताब्दीला जागोजागी जुन्या कागदांची प्रदर्शने लागतील आणि घराघरांतली दप्तरे बाहेर निघतील. याचा आनंद आहे आणि काळजीही आहे. मूळ कागद उन्हात किंवा हॅलोजनखाली मांडू नये. अशा कागदासाठी 50 लक्स एवढाच उजेड धरतात, म्हणजे खोली मंदच वाटली पाहिजे. मांडायला चांगली छायाप्रत घ्यावी, मूळ कागद फडताळातच राहू द्यावा. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्यातला उष्ण प्लॅस्टिकचा थर पुन्हा निघत नाही, आणि आत अडकलेला कागद पिवळा पडून चुरतो. फाटले म्हणून चिकटपट्टी लावली, तर काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरे खातो. कागद बघताना हात कोरडे असावेत, टिपण पेन्सिलने घ्यावे, चहाचे कप दुसऱ्या खोलीत ठेवावेत. मोडी वाचनाचा वर्ग ठेवायचा तर एका शिक्षकामागे वीसच विद्यार्थी घ्यावेत. पन्नास बसवले की मागच्या तीस जणांच्या वहीकडे कोणी बघत नाही, आणि मोडी ही शेजारी बसून दुरुस्त करून घ्यायची लिपी आहे.

डिसेंबरच्या रात्रीच्या कार्यक्रमांना गावातला तरुण का येत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्या आठवड्यात शेतीला लाइट दिवसाची आहे की रात्रीची, हे संयोजकाने विचारलेले नसते. रात्रीची पाळी असली की गहू-हरभऱ्याला पाणी भरायला माणूस शेतात असतो. गावातल्या कोणाही शेतकऱ्याला विचारले तर तो पाळी सांगतो. त्यानुसार कार्यक्रम आठवडाभर पुढे-मागे करता येतो. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच परवानगी असते, म्हणून सात वाजता सुरू म्हणजे सातला सुरू व्हावे. सत्कार आणि मनोगते यांत दीड तास गेला, की शाहिराला वीस मिनिटे मिळतात. सत्कार शेवटी ठेवावेत. बघायला आलेला माणूस कलेसाठी आलेला असतो.

आता आपल्या वृत्तपत्राकडे मागणी. ‘शहरात आज’ हे आपले सदर उपयोगाचे आहे, पण त्यात कार्यक्रम त्याच दिवशी सकाळी कळतो. शहरातल्या माणसाला ते पुरते. पारोळ्याचा किंवा धडगावचा माणूस त्यावर निघू शकत नाही. खेड्यात बातमी आठवडेबाजारात फिरते, सलूनमधल्या किंवा चहाच्या टपरीवरच्या पेपरातून. म्हणून कार्यक्रम आणि सूचना यांच्यामध्ये निदान दोन बाजार आले पाहिजेत. दर शुक्रवारी पुढच्या तीन आठवड्यांचे कार्यक्रम तारखेच्या क्रमाने तिन्ही जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत एकत्र छापावेत, आणि सूचना घेण्याची मुदत मंगळवार संध्याकाळ ठेवावी. अर्धे पान पुरेल.

त्या अर्ध्या पानावर काय छापावे? सध्या येणारी सूचना साधारण अशी असते: ‘जयंतीनिमित्त सायंकाळी भव्य कार्यक्रम, नेहमीच्या ठिकाणी, सर्वांनी उपस्थित राहावे.’ पुढे दहा पाहुण्यांची नावे, आणि गाणारा कोण त्याचा पत्ता नाही. त्याऐवजी असा नमुना धरावा: ‘रविवार, 30 ऑगस्ट 2026 (श्रावण कृष्ण पक्ष). दुपारी 3 ते 5.30. ओवीगायन, आठ गायिका, लेवा बोली. वाचनालय, पहिला मजला, जिना आहे, लिफ्ट नाही. प्रवेश मोफत, बसायला सतरंजी, ज्येष्ठांसाठी 30 खुर्च्या. शेवटची बस 6.15.’ एवढ्यात माणूस आजीला न्यायचे की नाही ते ठरवू शकतो. संपण्याची वेळ नसली, तर बाहेरगावच्या बाया येतच नाहीत, कारण एसटी चुकण्याची भीती असते. साल जरूर लिहावे. मोबाइलवर फिरणारी चित्रे दोन-दोन वर्षे जुनी असतात, आणि लोक बंद दारासमोर येऊन परत जातात.

तिथीवर चालणाऱ्या सणांना इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही द्यावेत. आखाजी (अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणी माहेरी येतात तो सण) 2023 मध्ये 22 एप्रिलला, 2024 मध्ये 10 मेला, 2025 मध्ये 30 एप्रिलला आली. ‘एप्रिलच्या शेवटी’ असे मनात धरून झोक्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण ठरवणारा एखाद्या वर्षी सासुरवाशिणी परत गेल्यावरच पोचतो. सातपुड्यातल्या होळीचे तर आणखी वेगळे. काठी गावची राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते, त्यामुळे छापलेल्या तारखेच्या रात्री अकराला परतणाऱ्याला काहीच दिसत नाही. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार त्या-त्या गावच्या बाजाराच्या वारी असतो, सगळीकडे एका दिवशी नाही. होळीत बुध्या, बावा असे वेश घेतलेले लोक व्रतस्थ असतात. त्यांना अडवून, हात लावून फोटो काढू नयेत, ही ओळ सूचनेत दर वर्षी छापावी.

तारखांची टक्कर टाळायला एक साधी वही पुरेल. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका मोठ्या सार्वजनिक वाचनालयात ती ठेवावी, उघडी, कोणालाही बघता येईल अशी. तारीख ठरवण्याआधी संयोजकाने वही बघायची, मग पेन्सिलने नोंद करायची, सभागृहाची पावती फाटली की शाईने. दर सोमवारी तिन्ही वह्यांच्या पानांचा फोटो एकमेकांना आणि आपल्या कार्यालयाला पाठवायचा. आधी नोंदणाऱ्याला पहिला हक्क असे मानू नये. बाहेरगावचा कलाकार ज्याने बोलावला आहे, त्याला सरकायला जास्त अडचण असते, तेव्हा दुसऱ्याने सरकावे.

रद्द झालेल्या कार्यक्रमाची सूचनाही तितक्याच ठळकपणे छापावी. पावसाने किंवा कुणाच्या निधनाने कार्यक्रम पुढे गेला, तर त्याची ओळ आज कुठेच येत नाही. पुढच्या खेपेला लोक सूचनेवर विश्वास ठेवत नाहीत.

24 ऑगस्टचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना अजून वेळ बदलता येईल, म्हणून हे पत्र याच आठवड्यात छापावे, ही विनंती.

आपले,
सांस्कृतिक कार्यक्रमांचे संयोजक व वाचनालय कार्यकर्ते,
अमळनेर