बियॉन्से, रॅप आणि तुझा तबला

पुणे,
२० जुलै २०२५

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेकीनं ओढून नेलं म्हणून बियॉन्सेच्या कार्यक्रमाला गेलास, तिकिटाचे पैसे आठवून अजून पोटात दुखतंय, हवेत टांगलेली लाल मोटार तिच्यासकट तिरकी झाली तेव्हा अख्खं स्टेडियम किंचाळलं, हे सगळं तू फार रंगवून लिहिलंयस. बाई सुखरूप उतरली, बरं झालं. पण गाण्याबद्दल एकच ओळ: ‘पॉप गाते, कंट्री गाते, वर रॅपही करते, म्हणजे धड काहीच करत नाही.’ त्या एका ओळीपायी मी आज दुपारची झोप मोडून लिहायला बसलोय.

अरे, तू तबलेवाला. गळा बाजूला ठेव, निदान तू तरी तिची लय ऐकायला हवी होतीस. ‘से माय नेम’ काढ, १९९९ च्या अल्बममधलं. डेस्टिनीज चाइल्ड ह्या पोरींच्या गटातली बियॉन्से तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. कडव्यात सूर लांबवायचं नावच घेत नाही. अक्षरं तुटक, टोकदार, ठेक्याच्या कधी जरा आधी, कधी जरा मागे. एका मात्रेत इतकी कोंबते की आपण श्वास घ्यायला विसरावं. खाली सूर होते म्हणून लोक त्याला आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकेचं सुरेल गाणं, म्हणाले. ते सूर काढून टाकलेस, तर उरतं ते सरळ रॅप. माझं म्हणणं एवढंच, की ती कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांकडे, जावो नाहीतर हाउस ह्या क्लबातल्या नाचाच्या संगीताकडे, ही लयकारी तिच्याबरोबर जाते. बाकीचं सगळं त्यावर चढतं.

आणि ही लय कुठली, ते पुण्यात बसून मी तुला सांगायचं? ती वाढली ती थर्ड वॉर्ड ही वस्ती तुझ्याच हूस्टनमध्ये ना! नव्वदच्या दशकात त्याच शहरात डीजे स्क्रू रेकॉर्डचा वेग उतरवून कॅसेटी बनवायचा. आवाज जड, घोगरा, पेंगुळलेला. हूस्टनच्या रॅपची ती खूणच झाली. २०१३ साली बियॉन्सेनं ‘बाउ डाउन / आय बीन ऑन’ काढलं, त्यात स्वतःचा आवाज तसाच खाली ओढून पार बाप्याचा करून टाकला. ज्या गळ्यावर तिचं नाव चालतं, तो गळाच लपवला! टीका भरपूर झाली, बरीचशी शब्दांवर, आणि ती अगदी अनाठायी नव्हती. मला मात्र त्यात तिची गावाकडची बोली ऐकू येते.

२०१८ मध्ये नवऱ्याबरोबर, म्हणजे रॅपर जे-झीबरोबर, तिनं एक अख्खा अल्बम केला. त्यातल्या ‘एपशिट’चा व्हिडिओ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात केलाय, मोनालिसाच्या पुढ्यात दोघं उभी. तुझी लेक तो दाखवेल तेव्हा चित्रं बघत बसू नकोस. हातावर टाळी धर. मात्रेचे तीन तुकडे करत जाणारी चाल आहे, आपल्या तिस्र जातीसारखी. अटलांटाच्या मिगोस ह्या त्रिकुटानं ती गाजवली, आणि ह्या गाण्यात मागून त्यांच्यातल्या दोघांच्या आरोळ्याही ऐकू येतात. बियॉन्से त्या चालीत ओळीमागून ओळ टाकत जाते, आणि एखाद्या ओळीच्या शेपटाला पटकन सूर लावून मोकळी होते. नुसत्या रॅपरला ते शेपूट जमत नाही आणि नुसत्या गायिकेला आधीची ओळ. जे-झी इतका मुरलेला गडी, पण ह्या गाण्यात माझ्या लक्षात तीच राहते. पुढे २०२० मध्ये मेगन दी स्टॅलियन ह्या हूस्टनच्याच रॅपर पोरीच्या ‘सॅव्हेज’च्या रिमिक्समध्ये ती आली, आणि त्याला रॅपची दोन ग्रॅमी मिळाली. पाहुणी म्हणून येऊन!

आता तुझ्या कंट्रीकडे येतो. २०१६ मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री पुरस्कारांच्या सोहळ्यात ती ‘डॅडी लेसन्स’ गायली, तेव्हा त्या मंडळींतल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. काही वर्षांपूर्वी आपल्याला परकं वाटायला लावलं गेलं, त्या अनुभवातून ‘काउबॉय कार्टर’ जन्मला, असं तिनं २०२४ मध्ये अल्बम येण्याआधी, सोहळ्याचं नाव न घेता, लिहिलं. त्यातल्या ‘टेक्सस होल्ड एम’मध्ये बँजो रायनन गिडन्स ह्या कृष्णवर्णीय गायिकेनं वाजवलाय, आणि बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. मग परकं कोण? त्याच अल्बममध्ये ‘स्पॅगेटी’ नावाचं गाणं आहे. सुरुवातीला लिंडा मार्टेल संगीताच्या वर्गवारीवर मिश्कील दोन शब्द बोलते. १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री ह्या कंट्रीच्या मानाच्या मंचावर एकटीनं गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती. तिचं बोलणं संपतं न संपतं तोच बियॉन्से रॅप सुरू करते, आणि तेही कंट्रीच्या अल्बममध्ये! ह्या अल्बमला फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, कंट्रीचंही मिळालं. कंट्रीवाल्यांच्या स्वतःच्या पुरस्कारांत मात्र साधं नामांकनसुद्धा नव्हतं.

सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. ‘जोलीन’ मला मुळीच पटलं नाही. डॉली पार्टनच्या मूळ गाण्यात ती बाई हात जोडते, हिनं दमदाटी केली, आणि गाण्यातला जीवच गेला. ‘डॉटर’मध्ये मध्येच जुना इटालियन आरिया, म्हणजे तिकडचं शास्त्रीय एकल गाणं, येतो, तो ऐकून मात्र मी गाणं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तुझा एक आक्षेप तू लिहिला नाहीस, पण फोनवर नक्की काढशील: तिच्या गाण्यांना दहा-दहा लेखक असतात. खरंय. गायिकेला ते खपून जातं, पण रॅपमध्ये दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळी म्हणणं मोठं लांच्छन मानतात. त्या अंगणातल्या नियमानं तोललं तर ती अस्सल रॅपर ठरणार नाही, आणि मी तिच्यासाठी भांडणारही नाही. पण लिहिणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. बंदिश स्वतः बांधली नाही म्हणून कुणा गवयाला तू कधी उठवून लावलंयस का?

आता एक काम कर. ‘एपशिट’ लावून तबल्यावर दादरा धरून बघ, कुठे अडतोस ते कळव. वहिनींना नमस्कार. लेकीला सांग, पुढच्या खेपेला तिकिटाचे पैसे बापाकडून नाही, माझ्याकडून. आणि दिवाळीला येताय का, ते एकदाचं नक्की कर. मला गॅलरीतली खोली रिकामी करायचीय.

तुझा,
मिलिंद