मदरबोर्ड बदलला, म्हणून डिस्क फॉरमॅट कशासाठी?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

संगणकाचा मदरबोर्ड बदलला की डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे पुसून, विंडोज नव्याने टाकावीच लागते, असे दुरुस्ती करणारे सर्रास सांगतात आणि ग्राहकही ते निमूटपणे मान्य करतो. विंडोज एक्सपीच्या काळात यात बरेच तथ्य होते. वेगळ्या चिपसेटचा (बोर्डवरील मुख्य चिप्सचा) बोर्ड लावला की विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा ठरलेलाच असे. विंडोज १० आणि ११ मात्र नवे हार्डवेअर ओळखून बहुतेक वेळा स्वतःच जुळवून घेतात. पहिल्यांदा सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो आणि एखाद्या वेळी नेटवर्कचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) बाहेरून द्यावा लागतो, इतकेच. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नल या त्याच्या गाभ्याबरोबरच येत असल्याने तिथे त्रास आणखी कमी.

नवा बोर्ड बसवल्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश आला, की खापर डिस्कवर फुटते. प्रत्यक्षात पुष्कळदा जुनी विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेली असते आणि नवा बोर्ड केवळ यूईएफआय या नव्या पद्धतीनेच बूट करू पाहतो. अशी डिस्क विंडोजसोबत येणाऱ्या 'एमबीआर२जीपीटी' या साधनाने माहिती न पुसता जीपीटी या नव्या मांडणीत बदलता येते, अर्थात बॅकअप घेऊनच. डिस्क कंट्रोलर जुन्या बोर्डवर रेड मोडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीत) आणि नव्यावर एएचसीआय या साध्या पद्धतीत असेल, तर निळा पडदा येऊ शकतो. अशा वेळी फॉरमॅटला हात घालण्यापूर्वी बायोसमधली (बोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरची) ती एक सेटिंग पाहायला काय हरकत आहे?

खरा धोका आहे तो बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनचा, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ते उलगडण्याची व्यवस्था टीपीएम या संगणकातील सुरक्षा चिपशी बांधलेली असल्याने बोर्ड बदलताच संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, पण ती कुठेच सापडली नाही तर डिस्क धडधाकट असूनही त्यातले काहीही परत मिळत नाही. म्हणून जुना बोर्ड चालू असतानाच ही की लिहून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. बोर्ड अचानक बंद पडला असेल, तर निदान संगणक दुरुस्तीला देण्याआधी दुसऱ्या उपकरणावरून आपले खाते तपासावे.

परवान्याचाही प्रश्न उरतोच. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना मूळ बोर्डाशी जोडलेला असतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या बोर्डवर नेता येतो. डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला आधीच जोडून ठेवला असेल, तर 'हार्डवेअर नुकतेच बदलले' हा पर्याय निवडून विंडोज पुन्हा सक्रिय करण्याचा प्रयत्न करता येतो. काही ठिकाणी मात्र ग्राहकाला न विचारताच क्रॅक केलेली विंडोज टाकून संगणक परत दिला जातो. ही फसवणूकच आहे, शिवाय असल्या क्रॅकसोबत मालवेअर येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

इंटेलचा संच काढून एएमडीचा बसवला असेल आणि डिस्कवर वर्षानुवर्षांचे ड्रायव्हर साचलेले असतील, तर विंडोज नव्याने टाकणे मीही इष्ट मानतो. पण तो निर्णय ग्राहकाचा असावा आणि बॅकअपनंतरचा असावा. 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ छापायला दुरुस्तीच्या पावतीवर जागा असतेच. तिच्याखाली रिकव्हरी की घेतली का आणि फॉरमॅटला ग्राहकाची संमती आहे का, हे दोन रकाने सहज मावतील.

आपला,
एक वाचक