साबुदाण्याच्या झाडाचा केवडा

तिरुवनंतपुरम

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भेंडीचा प्लॉट केवडा रोगानं पिवळा पडला आणि सगळा राग तू माझ्यावर काढलास. ‘तुम्ही जनुकवाले एवढी वर्षं करता तरी काय?’ हे वाचून आधी हसलो, मग जरा लागलंच. उत्तर भेंडीवरून देत नाही. मी ज्या पिकात बुडालोय त्यावरून देतो. दुखणं एकाच घराण्यातलं आहे.

काकूंच्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा कसावाच्या कंदाचा, बहुतेक सेलमकडचा. इथं केरळात त्याला कप्प म्हणतात आणि उकडून माशाच्या कालवणाबरोबर हाणतात. काकूंना सांगू नकोस.

गेल्या आठवड्यात सेलमजवळ एका शेतात उभा होतो. कसावाचं पान पंजासारखं असतं. हातात घेतलं त्याचं एक बोट सरळ, शेजारचं आखडलेलं, हिरव्यात पिवळे चट्टे. उलटं केलं तर पांढरी माशी भुर्रकन उठली. तुझ्या भेंडीवरचीच माशी, विषाणू पसरवणारी. पण खरा घोळ बेण्याचा. कसावा उसासारखा कांड्यांनी लावतात. कांडी रोगट तर पीक जन्मापासून रोगट. शेजाऱ्याकडून बेणं आणलं की विषाणू फुकट.

या चट्ट्यांच्या रोगाला मोझॅक म्हणतात. त्याची पहिली नोंद १८९४ची, आजच्या टांझानियातली. तिथंच अमानीच्या केंद्रात १९३०च्या दशकात स्टोरी आणि निकल्स या संशोधकांनी कसावाचा संकर त्याच्या एका रानटी भाऊबंदाशी केला. तो चिकाचा, रबर देणारा. मग कंद परत मिळवायला पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा कसावाशीच संकर. त्यातून आलेली रोगाशी लढायची ताकद अनेक जनुकांत चिमूटचिमूट वाटलेली. ती एका झाडात गोळा करताना पैदासकाराचा घाम निघतो. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या जुन्या गावठी वाणांत वेगळंच सापडलं: एकच जनुक, तेही प्रभावी. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी भागतं. नाव सीएमडी-२. १९९०च्या दशकात युगांडात दोन विषाणूंच्या मिसळीतून तिसराच जहाल विषाणू उपजला होता, शेतंच्या शेतं बसली होती. अशा वेळी एका जनुकात काम होतंय म्हटल्यावर कोण सोडेल? पैदासकार त्यावर टेकले. शिकत असताना मलाही ती जादूच वाटायची.

आणि मग २०१६मध्ये छापून आलं, की टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत, पेशींपासून भ्रूण घडवून रोप केलं की या वाणांची प्रतिकारशक्ती गायब. वाण तेच, दिसायला तसंच, पण मोझॅकपुढे आडवं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. २०२२मध्ये धागा हाती लागला: डीएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज डेल्टा या प्रथिनाच्या जनुकातले बदल. दिग्या, हे भारी आहे बघ. विषाणूकडे स्वतःचं नक्कलयंत्रच नाही. पावणेतीन हजारांच्या आसपास डीएनए-अक्षरांची दोन वर्तुळं घेऊन तो येतो आणि झाडाचं यंत्र वापरतो. आपल्या रानात शिरून आपलाच ट्रॅक्टर. यंत्राचा एखादा दातराच वेगळा असला की त्याची डाळ शिजत नाही.

आता तुझी भेंडी. अप्पांनी परभणी क्रांती वाण लावला होता, आठवतं? तोही रानटी भेंडीशी संकर करूनच काढलेला. (गंमत म्हणजे त्या रानटी भेंडीच्या शास्त्रीय नावात ‘मॅनिहॉट’ आहे, म्हणजे कसावाच. पानं तशी दिसतात म्हणून.) आधी केवड्याला पुरून उरला, पुढे त्याच्यावरही रोग चढलाच ना. म्हणून दुकानदार ‘हे बियाणं केवडाप्रूफ’ म्हणाला तर मी पैज लावणार नाही. माझा कल अमानीच्या कंटाळवाण्या चिमटीचिमटीकडे, आणि सीएमडी-२ असलंच तर तिच्या जोडीला. माझे साहेब यावर मान हलवतात. हो की नाही ते कळत नाही.

तू तूर्त पिवळी झाडं उपट, पण बांधावर टाकू नकोस, पुरून टाक. आणि कडेच्या तणावर माशी बसलीय का ते पानं उलटी करून बघ. दिवाळीत येतोय. सेलमचा साबुदाणा आणतो, कप्प खायचं असेल तर मात्र तुलाच इकडे यावं लागेल.

तुझा,
बाळ्या